चाखलं, खाल्लं नाही

त्या बिस्किटाच्या कारखान्यात बिस्किट खाणं ही चोरी होती आणि चाखणं ही नोकरी. ज्यांना यात हसण्यासारखं काही वाटतं त्यांनी तिथे एक पाळी भरून बघावी. सकाळपासून पोटात फक्त कपभर चहा, समोरच्या पट्ट्यावरून भट्टीतला गरम माल सरकतोय, लोणी-साखरेचा वास डोक्यात चढतोय, आणि तोंड हलताना दिसलं की गेटवर उभं करून हातात नारळ. मी पॅकिंगला असताना माझ्या शेजारची बाई एका तुटक्या तुकड्यापायी गेली. तो तुकडा कचऱ्याच्या पिंपात जाणार होता. तिने मधेच त्याला वेगळी वाट दाखवली, एवढंच. पुढे मीही गेले, पण तुकड्यापायी नव्हे, तोंडापायी. तेव्हापासून गेटबाहेर उभी राहून आतल्या बायकांच्या वतीने साहेबांशी भांडते. शाळेने मला लवकर सोडलं, कायदा मी उभ्याउभ्या शिकले, आणि कुणी साहेब ‘तुम्हाला यातलं कळत नाही’ म्हणाला की माझं डोकं फिरतं. ते असो. ही गोष्ट चाखणबाईची आहे.

तिला सगळे चाखणबाईच म्हणायचे, अगदी पगार वाटणारा कारकूनसुद्धा. भट्टीच्या मागे काचेची एक खोली होती. तिच्यात टेबल, पाण्याचा जग, स्टीलचं थुंकायचं भांडं आणि पाठ असलेली खुर्ची. एवढ्या बायकांत पाठ टेकायची मुभा या एकीला. प्रत्येक बॅचचं बिस्किट तिच्यापुढे यायचं. ती आधी ते कानाशी धरून मोडायची, मग तुकडा चावायची, जिभेवर घोळवायची, भांड्यात थुंकायची आणि चूळ भरायची. मग दुसरा तुकडा. त्याचा शेवटचा चिमूटभर लगदा मात्र गिळायचा.

“गोड-खारट जिभेला कळतं,” ती सांगायची, “पण खवट घशात कळतं. घशाखाली उतरल्याशिवाय खवट तोंड उघडत नाही.”

तपासायला यंत्रंही होती. यंत्र ‘ठीक’ म्हणायचं आणि ही म्हणायची, “तेल पिंपाच्या तळाचं आहे, परत पाठवा.” पिंप उघडून बघितलं की हिचंच खरं निघायचं. तिच्या एका ‘नको’वर ढीगभर माल मागे जायचा. साहेबलोक तिच्यासमोर आवाज खाली ठेवून बोलायचे. गरिबाच्या घरी जन्मलेल्या बाईला यापेक्षा मोठी खुर्ची कुठे मिळणार? तिला तिचा तोरा होता आणि तो तिला शोभायचा.

फक्त एक शब्द तिच्या तोंडातून कायमचा गेला होता. खुर्चीवर बसवलं त्याच दिवशी साहेबाने बजावलं होतं, “बाई, इथे कुणी खात नाही. तुम्ही चाखता. खाल्लं म्हणालात तर तुम्हालाही गेट आहे.” तिने तो शब्द असा गिळला की घरीसुद्धा बाहेर येईना. जेवले म्हणायची, दोन घास घेतले म्हणायची, ‘मी खाल्लं’ असं कधी म्हणायची नाही; तो शब्द आलाच तर पुढे ‘नाही’ लावून. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. कमी बोलणारा माणूस, पण बायकोची चेष्टा करताना जीभ सुटायची. “हिने मार पण चाखला असता,” म्हणायचा, “खाल्ला नसता.”

लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर तिला मुलगी झाली. आजीने लाडाने नाव पाडलं बिट्टी. बिट्टी पहिले काही आठवडे गुटगुटीत होती, मग तिच्या गालांवर लाल चट्टे उठले. कोपराच्या आत, गुडघ्यामागे, मानेच्या वळीत कातडी ओली राहायला लागली. पोर झोपेत गाल उशीवर घासायची, उशीवर डाग पडायचे. एक दिवस लंगोटात शीबरोबर रक्ताचा धागा दिसला.

मुलांची डॉक्टरीण तरुण होती, बोलायला बरी होती. म्हणाली, “घाबरू नका. तुम्ही जे खाता त्यातलं काहीतरी तुमच्या दुधातून तिच्यात जातंय आणि तिला ते सोसत नाहीये. बहुतेक गाईचं दूध. तुम्ही दूध आणि दुधाचं सगळं बंद करा, थोडे आठवडे बघू. नाहीच जमलं तर अशा मुलांसाठी खास डब्यातलं दूध मिळतं.”

“डबा नको,” चाखणबाई म्हणाली. “सांगाल ते बंद करते. पण डबा नको.”

तिला डबा का नको होता हे समजायला तिच्या घरात डोकवायला हवं. दोन खोल्या, मधे पडदा, आणि पडद्याला कान असलेली सासू. सासू वाईट नव्हती, पण तिच्या जिभेला लगाम नव्हता. “पाजते की काय करते कोण जाणे,” ती शेजारणीला सांगायची, “पिऊन पोर टोमॅटोसारखी लाल होते. आमचीही दुधं होती बाई, कुणाला बाधली नाहीत.” ‘बाधलं’ हा शब्द पडद्याआडून चाखणबाईपर्यंत पोचला आणि तिथेच रुतून बसला. जन्मभर दुसऱ्यांचा माल पास-नापास करणारी ती बाई. तिचा स्वतःचा माल नापास झालेला तिला चालणार नव्हता. आपल्या दुधात खोट नाही आणि आपली पोर आपल्याच दुधावर वाढेल, एवढं तिला दाखवायचं होतं. त्यासाठी ती काय वाटेल ते सोडायला तयार होती.

सोडायचं काय, ते नणंदेने सांगितलं. नणंद पार्लरमध्ये कामाला होती. गिऱ्हाईक नसलं की मोबाईलमध्ये डोकं घालून बसायची, त्यामुळे तिला जगातलं सगळं माहीत होतं.

“वहिनी, नुसतं दूध सोडून भागत नाही,” ती फळीवरचे डबे खाली काढत म्हणाली. “पोटाची पाटी कोरी करायची. मग एकेक गोष्ट परत घ्यायची आणि बघायचं काय बाधतं. जमिनीतून, झाडावरून किंवा खाटकाकडून सरळ येतं तेवढंच घ्यायचं. धान्य नाही, डाळ नाही, साखर नाही, पाकिटातलं तर काहीच नाही.”

“मग उरलं काय?” सासू म्हणाली. “गोठ्यातली वैरण?”

“आई, हे शास्त्र आहे.”

“असेल. आमच्या वेळी बाळंतिणीला ताट वाढून द्यायचे. तुमच्या शास्त्रात पुढ्यातलं ओढून घेतात.”

पण खरं सांगायचं तर त्याने गुण आला. चाखणबाई घरीच होती, रजा चालू होती. उकडलेलं रताळं, दुधी, गाजर, अंडी, मासा, मटणाचं पाणी, फळं. चहा गेला, पाव गेला, भात गेला. पहिले काही दिवस डोकं ठणकायचं. मग बिट्टीचे गाल वाळायला लागले. खपली धरली, खपली पडली, खालून नवी कातडी आली. गाल सायीसारखे झाले, म्हणजे घरात जिच्यावर बंदी होती त्या सायीसारखे. नणंद कॉलर ताठ करून फिरली. सासूसुद्धा म्हणाली, “वैरण तर वैरण.” चाखणबाई मला रस्त्यात भेटली तर वाळून अर्धी झाली होती, पण डोळे चमकत होते. पोरीचा गाल माझ्यापुढे करून म्हणाली, “बघा ताई. पास.”

मग रजा संपली.

कामावर जाताना पोरीला सासूकडे ठेवायचं आणि मधल्या सुट्टीत हातपंपाने दूध काढून ठेवायचं, असं ठरलं. त्यासाठी आडोसा हवा होता. कारखान्याने झाडू-बादल्यांची खोली दाखवली. मी गेटवरून आत गेले आणि जे बोलायचं ते बोलले. झाडू बाहेर गेले, खुर्ची आत आली, दाराला कडी लागली. फिनेलचा वास तेवढा गेला नाही. चाखणबाई त्या वासात बसून बाटली भरायची आणि भट्टीमागच्या खोलीत परत जाऊन आपल्या कामाला लागायची. मोडायचं, चावायचं, थुंकायचं, चूळ भरायची. दुसरा तुकडा. शेवटचा कण घशाखाली.

बिट्टीचे गाल पुन्हा लाल झाले.

डॉक्टरणीने विचारलं, “दूध परत सुरू केलंत का?”

“थेंबही नाही.”

“कामावर काय खाता?”

“घरचा डबा. रताळं आणि मटण. डबा दाखवू?”

“तुम्ही बिस्किटाच्या कारखान्यात आहात ना? बिस्किट वगैरे?”

“बिस्किट?” चाखणबाईला हसू आलं. “मॅडम, मला त्याचा वीट आलाय. कित्येक वर्षांत एक बिस्किट खाल्लेलं नाही मी. आमच्याकडे खाल्लं की नोकरी जाते.”

तिने अगदी छातीला हात लावून सांगितलं. पट्टीचा खोटारडाही असं सांगू शकत नाही, कारण ती खोटं बोलत नव्हती. त्या कारखान्यातल्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तर तिनेही हेच सांगितलं असतं, मीसुद्धा. चाखणबाई खाते? छे, ती तर चाखते. डॉक्टरणीने मान हलवली आणि म्हणाली, मग दुसरं काहीतरी असेल.

चाखणबाईने कारखान्याचा संशय घेतला नाही असं कुणी समजू नये. तिला वाटलं, पीठ उडतं, तेच कपड्यांना लागून घरी येतं. म्हणून ती सुटल्यावर तिथल्याच नळावर हातपाय घासायची, डोक्याचा रुमाल आणि अंगावरचे कपडे पिशवीत बंद करायची, घरी आल्यावर आधी अंघोळ आणि मगच पोर. नवरा ते कपडे वेगळ्या बादलीत धुवायचा. न बोलता, रोज. म्हणजे तिने नखाखालचं पीठसुद्धा काढलं. जीभ मात्र धुतलेलीच आहे, अशी तिची खात्री होती. दिवसभर चूळ भरत होती की.

गाल बरे होईनात तसं ताटातलं एकेक उठायला लागलं. आधी अंडी गेली, मग मासा गेला. टोमॅटोचा नणंदेला संशय आला म्हणून टोमॅटो गेला, केळ्याचा आला म्हणून केळं. बिट्टी एखाद्या दिवशी जास्त रडली की आदल्या दिवशीच्या ताटातला कोणीतरी गुन्हेगार ठरायचा. शेवटी उकडलेलं मटण, रताळं, दुधी आणि एक फळ एवढं राहिलं. तेही घशाखाली जाईना. भूक मेली होती. गळ्याची हाडं वर आली, केस मुठीने जायला लागले.

आणि दैवाची थट्टा अशी की जीभ मात्र धार लावल्यासारखी झाली. साखर नाही, मसाला नाही, चहा नाही, त्यामुळे जिभेवरचा गंज गेला. ती मला म्हणाली, “आता पाण्याचीही चव लागते ताई. टाकीचं वेगळं, नळाचं वेगळं.” कारखान्यात तिने असे दोष पकडायला सुरुवात केली की यंत्रवाले गप्प झाले. भट्टीची डावी बाजू मंद आहे, दुधाची पावडर ओलसर जागी ठेवलेली आहे, पीठ दोन गिरण्यांचं मिसळलंय, सगळं ती खुर्चीवरून सांगायची. साहेब खूश. मलईचं नवीन बिस्किट निघणार होतं, त्याचे सगळे नमुने तिच्याच टेबलावर यायला लागले. या मिश्रणात मलई किती, त्या मिश्रणात किती, पुन्हा चाखा बाई, तुमच्यासारखी जीभ नाही. जेवढं ती घरी सोडत होती तेवढी तिथे जीभ उजळत होती, आणि जेवढी जीभ उजळत होती तेवढं तिच्या टेबलावर दूध येत होतं.

त्यातच तुपाचं झालं. एका संध्याकाळी तिने रताळ्याचा पहिला घास तोंडात घेतला आणि हात थांबला.

“यात तूप आहे.”

सासू चुलीकडे तोंड करून उभी होती. “नाही ग.”

“आई, माझ्याशी चवीचं खोटं बोलू नका. तूप आहे. चमचाभर आहे.”

“चमचाभर नाही, अर्धा.” सासू वळली, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. “अगं हाडं मोजून घ्यावीत अशी झालीस. कोरडं रताळं गिळताना तुझा घसा वरखाली होतो तो बघवत नाही मला. आज पहिल्यांदा घातलं. पोरीची शपथ, आजच.”

“पहिल्यांदा?” नणंद पडदा बाजूला करून आली. “तरीच! मी म्हणते इतकं करून चट्टे जात का नाहीत. आई, तू रोज घालत होतीस.”

“रोज घातलं असतं तर हिला कळलं नसतं? हिची जीभ काय झोपली होती?”

खरा प्रश्न होता, पण त्याचं उत्तर शोधायला कुणी थांबलं नाही. घरात गुन्हेगार सापडला होता, आणि गुन्हेगार सापडल्यावर माणसाला जो आराम पडतो तो सगळ्यांना पडला. चाखणबाई ताट ढकलून उठली. इतक्या दिवसांचा राग, भूक, जागरण सगळं एका वाक्यात बाहेर आलं. “माझं दूध बाधतं म्हणून गावभर सांगत होतात ना? बाधत होतात तुम्ही.” नवरा मधे पडला नाही. त्याने ताट उचलून मोरीत ठेवलं.

त्या दिवसापासून सासूने सुनेच्या स्वयंपाकाला हात लावणं सोडलं आणि शेजारणीशी बोलणंही सोडलं. तिच्या जिभेला लगाम हवा होता तो मिळाला, पण घर ओसाड झालं. आणि चट्टे होते तसेच होते.

मग दूध कमी व्हायला लागलं. आधी पंपाची बाटली भरायची, मग अर्धी, मग तळ झाकेल एवढंच. बिट्टी ओढून ओढून दमायची, सोडून द्यायची, रडायची, पुन्हा ओढायची. वजन जिथे होतं तिथे थांबलं. डॉक्टरीण या वेळी गोड बोलली नाही. “तुमच्या अंगातच काही नाही तर तिला काय मिळणार? तुम्ही एवढं सगळं सोडायला मी कधी सांगितलं होतं? डबा सुरू करा. आता विचारत नाहीये, सांगतेय.” नवऱ्याने येतानाच डबा आणला आणि फळीवर ठेवला, जिथे पूर्वी साखर असायची तिथे. चाखणबाई म्हणाली, थोडे दिवस द्या मला. म्हणून दोन्ही चालू झालं. डबाही आणि आईचं उरलंसुरलंही.

त्याच आठवड्यात कारखान्यात वरच्या कचेरीतले पाहुणे आले. मलईच्या बिस्किटाची मंजुरी घ्यायची होती. साहेबाने त्यांना काचेच्या खोलीत आणलं आणि चाखणबाईकडे बोट दाखवून म्हणाला, “या आमच्या बाई. दिवसाला डबाभर बिस्किटं खातात आणि तब्येत बघा, काटकी! बायकांनी यांच्याकडून शिकावं.”

पाहुणे हसले. चाखणबाई उठून उभी राहिली. तिचा मान दुखावला होता. “खात नाही साहेब, चाखते. तुम्हीच शिकवलंय.”

“बाई, खाता म्हणा नाहीतर चाखता म्हणा,” साहेब हसत म्हणाला, “शेवटी माल आमचा आणि पोट तुमचं.”

पुन्हा हशा झाला आणि ते पुढे भट्टीकडे गेले.

तिने नंतर मला सांगितलं की त्या वेळी तिच्या तोंडात मलईच्या बिस्किटाचा दुसरा तुकडा होता. घोळवून झाला होता. थुंकण्याएवढा थुंकला होता, आणि शेवटचा कण घशापाशी उभा होता. ती म्हणाली, “ताई, तो कण मला पहिल्यांदाच दिसला. डोळ्यांनी दिसावा तसा. कुठे जातोय ते दिसलं.” तिने तो भांड्यात थुंकला. मग झाडू-बादल्यांच्या खोलीत जाऊन कडी लावली. बाटलीत थोडं दूध निघालं होतं, ते तिने मोरीत ओतलं आणि पाळी सुटेपर्यंत बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबाला सांगितलं, पोर दूध सोडेपर्यंत मला चाखण्यावरून काढा. साहेबाला वाटलं, ही पगार वाढवून मागतेय. नाही म्हटल्यावर त्याला वाटलं, हिला कुणीतरी फितवलंय, आणि तो कुणीतरी म्हणजे मी. मग मला जावंच लागलं. मी टेबलावर हात आपटला. टेबल चांगल्या लाकडाचं होतं, हात सुजला. साहेब म्हणाला, खुर्ची सोडायची तर पॅकिंगच्या पट्ट्यावर उभं राहावं लागेल, दुसरी बसायची जागा इथे नाही. मी भांडायला तोंड उघडलं तर चाखणबाईनेच माझा दंड धरला. “उभी राहते,” ती म्हणाली.

ती उभी राहिली. पाठ टेकायची मुभा गेली, काचेची खोली गेली. बायका आधी कुजबुजल्या, “खाताना धरली वाटतं.” तिने माझ्याशिवाय कुणाला काही सांगितलं नाही. घरीही नाही. बदली झाली एवढंच म्हणाली.

तिने जेवायला सुरुवात केली. भात, अंडी, मासा, सगळं परत आलं, दुधाचं तेवढं सोडून. ती जबरदस्तीने जेवायची, औषध घ्यावं तसं. बिट्टीला पुन्हा पुन्हा छातीला लावायची. बिट्टीचे गाल वाळायला लागले. खपली धरली, पडली, आणि खालून तीच सायीसारखी कातडी आली. पण तोपर्यंत बिट्टीला बाटलीची सवय लागली होती. बाटली फुकट देते, आई ओढायला लावते. ती छातीला तोंड लावायची, वळवायची, आणि फळीकडे बघायची. आईकडचं आटत आटत थेंबावर आलं आणि एक दिवस थेंबही आला नाही.

चट्टे गेले ते डब्यामुळे गेले असं डॉक्टरीण म्हणाली, नणंद म्हणाली, नवरा म्हणाला. दोन्ही एकदमच सुरू असताना कुणाचा गुण म्हणायचा? जो फळीवर दिसतो त्याचाच. खुर्ची सोडल्यावर ज्या थोड्या दिवसांत तिचं दूध पुन्हा निर्दोष होतं, त्या दिवसांना साक्षीदारच नव्हता.

यानंतर काही दिवसांनी मी तिच्या घरी गेले. मला निरोप द्यायचा होता. मलईचं बिस्किट बाजारात गेलं होतं आणि खवट निघून परत आलं होतं. यंत्राने पास केलेलं. साहेब आता स्वतःहून विचारत होता, बाई खुर्चीवर येतील का. मला वाटलं होतं, मी जिंकून आलेय.

चाखणबाई जमिनीवर बसून बाटली धूत होती. ऐकून हसली. ते हसणं मला आवडलं नाही.

“येईन की,” ती म्हणाली. “आता काय, मोकळी झाले. आता माझ्या पोटातलं कुणाच्या पोटात जायचंय?”

सासू कोपऱ्यात पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. तुपाच्या दिवसानंतर ती म्हातारी झाली होती. तिने माझ्याकडे बघितलं, सुनेकडे बघायची हिंमत नव्हती. “तुम्ही घ्या समजून ताई,” ती मला म्हणाली. “मी एकदाच घातलं होतं हो. अर्धा चमचा. पण माझ्यामुळेच झालं असणार. मीच तोंडाने बाधलं बाधलं म्हणत होते ना, ते लागलं.”

चाखणबाईचे हात बाटलीत थांबले. गप्प राहिली असती तर काही बिघडलं नसतं. सगळ्यांनी सासूवर ठेवलं होतं, सासूनेही उचललं होतं, आणि खुर्ची परत मिळत होती. मी तिचं तोंड बघत होते. जबडा असा हलत होता जसं काही घोळवतेय.

“आई, तुमचं तूप नव्हतं ते,” ती म्हणाली. “कारखान्यातलं होतं. बिस्किट होतं.”

सासूला कळलं नाही. “बिस्किट? तू तर खात नाहीस.”

“चाखते.”

“मग चाखणं वेगळं ना? थुंकतेस ना तू?”

“सगळं नाही थुंकत. थोडं गिळावं लागतं. प्रत्येक वेळी थोडं.” ती थांबली. मग तो शब्द आला, इतक्या वर्षांनी, आणि असा आला की जणू तोंडाला त्याची सवयच नव्हती. “खाल्लं आई. रोज खाल्लं मी. दिवसभर खात होते.”

बाहेर कुणीतरी जिन्यावरून सिलिंडर आपटत नेत होतं. सासूने पोरीचा गाल बोटाने चाचपला.

“म्हणजे दूध चांगलं होतं,” सासू म्हणाली.

“हो.”

“चांगलंच होतं म्हणायचं.”

“हो, आई.”

सासूने मान हलवली. बिट्टी कुरकुरायला लागली होती. सासूने तिला सुनेच्या मांडीवर दिलं, स्वतः उठून फळीवरचा डबा काढला, पाणी कोमट केलं आणि पावडर घालून बाटली हलवली. ती बाटली तिने सुनेच्या हातात ठेवली. चाखणबाईने सवयीने एक थेंब मनगटावर पाडला आणि जिभेने टिपला. तिचं तोंड वाकडं झालं.

“कसं आहे?” सासूने विचारलं.

“कडू आहे. आणि जुन्या भांड्याचा वास येतो.”

“नापास?”

 बिट्टी दोन्ही हातांनी बाटली ओढत होती. चाखणबाईने बाटली पोरीच्या तोंडात दिली, आणि पोर डोळे मिटून, गटागटा, आवाज करत पिऊ लागली. थुंकायचं भांडं समोर नव्हतं. जिभेवरचा थेंब चाखणबाईने गिळला.